कंगव्यावरचे विष

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातला पहिला अध्याय राजाला विषापासून कसे जपावे हे सांगतो. अन्नपाण्यातले विष त्यात येतेच, पण त्यासोबत दातवण, अंगाला चोळायचे तेल, उटणे, फुलांच्या माळा, अंजन, पादत्राणे अशा रोजच्या वस्तूंची लांबलचक यादीही येते, आणि त्या यादीत केस विंचरण्याची फणी आहे. फणीला विष लावलेले असेल तर केस गळतात, डोके दुखते, रोमरंध्रांतून रक्त येते आणि डोक्यावर गाठी उठतात, असे तिथे नोंदवले आहे. डोक्याची कातडी हे शरीराचे एक दार आहे आणि शृंगाराच्या वस्तूतून त्या दाराने विष आत शिरू शकते, हे आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वी ठाऊक होते. त्या सगळ्या अध्यायाच्या मुळाशी मात्र एक गृहीत आहे. विष सापडले म्हणजे ते कुणीतरी घातलेले असणार, आणि घालणाऱ्याच्या मनात वैर असणार. म्हणून वैद्याला विष ओळखण्याबरोबर विष देणारा माणूस ओळखायलाही शिकवले आहे. असा माणूस विचारले तर उत्तर देत नाही, बोलताना अडखळतो, बोटे मोडतो, बोटाने जमीन कोरत बसतो. आज केसांच्या रंगाने, औषधाने किंवा उपचाराने माणसे दवाखान्यात येतात तेव्हा असे बोटे मोडत बसलेले कुणी सापडत नाही. कारखानदाराला गिऱ्हाईक जगायलाच हवे असते, दुकानदाराने दहा वस्तूंसारखीच अकरावी विकलेली असते, पार्लरमधल्या बाईने समोरची सुंदर दिसावी म्हणूनच हात चालवलेला असतो. कुणाच्याही मनात वैर नसताना विष माणसापर्यंत पोचते. तिथे पाप घडले असे म्हणायचे का, आणि म्हणायचे तर ते कुणाच्या माथी लावायचे, हा प्रश्न धर्मविचाराने गंभीरपणे घ्यावा असा आहे.

आधी वस्तू जवळून पाहू. पांढरे केस काळे करणाऱ्या बहुतेक टिकाऊ कलपांत पॅराफिनिलिनडायअमिन नावाचे रसायन किंवा त्याचे एखादे भावंड असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन याने ते १८६३ मध्ये शोधले आणि वीसेक वर्षांतच त्याचा केसांसाठी उपयोग सुरू झाला. ते चांगले रंगवते म्हणजे काय करते? त्याचे रेणू लहान असतात आणि त्यांना स्वतःचा गडद रंग नसतो. अमोनियाने केसावरचे खवले उकलले की हे रेणू केसाच्या गाभ्यात शिरतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संगतीत त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते एकमेकांत गुंफले जातात, मोठे होतात, काळे होतात, आणि आता आकारामुळे त्यांना बाहेर पडता येत नाही. दहा वेळा डोके धुतले तरी रंग टिकतो तो यामुळे. पण बिनरंगी कच्चा रेणू आणि पुरा काळा झालेला रेणू या दोहोंच्या मध्ये काही मिनिटांची एक अर्धवट अवस्था असते. त्या अवस्थेतला रेणू अत्यंत चंचल असतो आणि हाताशी येईल त्याला चिकटू पाहतो. केसाला चिकटला तर शृंगार झाला. कातडीतल्या प्रथिनाला चिकटला तर काहींच्या शरीराला ते प्रथिन परके वाटू लागते आणि ॲलर्जी जडते. मग पुढच्या वेळी टाळूला खाज, कानामागे पुरळ, पापण्या मिटून जाव्यात इतकी सूज. आणि हे सगळे एक-दोन दिवसांनी होते, तेव्हा दोष कालच्या जेवणाला दिला जातो, कलपाला नाही. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर सोबत राहते, आणि पुढे भूल देण्याच्या काही औषधांनाही शरीर तसाच प्रतिसाद देऊ शकते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ सालचा ‘वर्षाचा ॲलर्जन’ म्हणून याच रसायनाची निवड केली होती. हे झाले कातडीवर. तेच रसायन पोटात गेले तर काही तासांत चेहरा, जीभ आणि गळा सुजतो, श्वासाची वाट बंद होऊ लागते, नंतर स्नायू विरघळू लागतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. त्याला उतारा नाही. वेळेवर श्वास मोकळा केला आणि गरजेप्रमाणे डायलिसिस मिळाले तर माणूस वाचू शकतो. आंध्र, तेलंगण आणि बुंदेलखंडातल्या सरकारी रुग्णालयांत, सीमेपलीकडे मुलतानमध्ये आणि तिकडे सुदान-मोरोक्कोत डॉक्टरांनी अशा रुग्णांविषयी कित्येक वर्षे लिहिले आहे.

आता धर्मविचाराकडे. भारतातल्या तीन परंपरांनी विष विकण्याचा धंदा निषिद्ध मानला आहे. अंगुत्तर निकायात बुद्धाने उपासकाला वर्ज्य म्हणून पाच व्यापार सांगितले, त्यांत शस्त्र, जीव, मांस आणि मद्य यांच्यासोबत विष आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणाला आपत्काळातही विकायला मनाई केलेल्या वस्तूंच्या यादीत विष आहे. आणि उपासकदशांग सूत्रात महावीरांनी आनंद नावाच्या गृहस्थाला जी पंधरा कर्मादाने, म्हणजे पापबंध करणारे धंदे, टाळायला सांगितली, त्यांत विषवाणिज्य आणि केशवाणिज्य ही दोन नावे एकमेकांना लागून येतात. तिथल्या केशवाणिज्याचा अर्थ वेगळा आहे. केस असलेल्या जिवांचा, म्हणजे गुरांचा आणि दासदासींचा व्यापार असा तो अर्थ आहे, त्याला आजच्या सौंदर्यप्रसाधनांशी ओढूनताणून जोडू नये. पण विषवाणिज्य या शब्दावर थांबायला हवे. या तिन्ही ठिकाणी विष ही एक ठरलेली वस्तू मानलेली दिसते. बचनाग विष आहे, तूप विष नाही. ज्याने बचनाग विकला त्याने विष विकले. ही व्याख्या धरली तर आजचा व्यापारी सहज सुटतो. तो म्हणेल, मी कलप विकला, विष विकले नाही, केसांवर लावायची वस्तू कुणी प्याले तर माझा काय दोष? आणि वरवर पाहता त्याचे म्हणणे खोटे नाही.

त्याला उत्तर द्यायचे तर धर्मग्रंथांतून उठून वैद्याकडे जावे लागते. चरकाच्या सूत्रस्थानातला पहिलाच अध्याय विष आणि औषध यांच्यातली भिंत पाडतो. तीव्र विषाचीही योग्य योजना केली तर ते उत्तम औषध होते आणि औषधाची चुकीची योजना केली तर ते विष होते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे विषपण वस्तूत कायमचे वसत नाही, ते वस्तू आणि माणूस यांच्यातल्या संबंधात उपजते. इथवर बहुतेक जण चरकाला ओळखतात. पण त्याच जागी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. ज्या औषधाचे नाव, रूप आणि गुण माहीत नाहीत ते अनर्थ करते, आणि माहीत असूनही चुकीने वापरलेले तेही अनर्थ करते. याचा अर्थ असा की अज्ञान हा विषाचाच एक घटक आहे. जितके रसायन, जितकी मात्रा, तितकेच त्याविषयीचे न कळणेही घातक. हे मान्य केले तर विषवाणिज्याचा अर्थ पालटतो. जो माणूस वस्तू देताना तिचे खरे नाव लपवतो, तिचे रूप फसवे ठेवतो, तिचा गुण अर्धाच सांगतो, तो त्या वस्तूत अज्ञान मिसळून देतो. मग डबीवर कलप लिहिलेले असो की अत्तर, तो विषाचाच व्यापार करत असतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते पारखायला आपल्या बाजारातले एक नाव पुरेसे आहे.

ते नाव म्हणजे काळी मेंदी. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्याचा रंग नारिंगीपासून तांबूस तपकिरीपर्यंत चढतो. केवळ मेंदीच्या पानांनी केस किंवा हात काळाकुट्ट कधीही होत नाही, आणि तासाभरात तर नाहीच नाही. मेंदी काळी होते ती त्यात दुसरे काही घातल्यामुळे, आणि ते दुसरे काही पुष्कळदा हेच पॅराफिनिलिनडायअमिन असते. युरोपात ते केसांच्या रंगात, मिसळून तयार झाल्यावर, दोन टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये आणि कातडीवर नक्षी काढायला तर वापरताच येत नाही. तात्पुरत्या गोंदणासाठी विकलेल्या काळ्या मेंदीत ते दहा टक्क्यांहूनही अधिक सापडलेले आहे. आता मेंदी हा शब्द मराठी कानाला काय सांगतो ते पाहा. हरतालिकेची आदली संध्याकाळ, लग्नघर, पाटावर बसलेली नवरी, लहान मुलींनी पुढे केलेले तळवे. ती लावताना कुणी कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहत नाही, कारण मेंदीची भीती कुणाच्या आजीने कधी घातलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांनी एका पानावर ठेवलेला विश्वास हा त्या शब्दाचा अर्थ आहे, आणि काळी मेंदी विकणारा तो विश्वास उसना घेऊन त्याच्या आडून वेगळीच वस्तू देतो. सात वर्षांच्या मुलीच्या हातावर यात्रेत काढलेल्या काळ्या फुलाने तिला ॲलर्जी जडते, आणि वीस-तीस वर्षांनी पहिल्यांदा केस रंगवले की चेहरा सुजतो. त्या सुजेचे कारण त्या फुलात आहे हे तिला कळायला वाव नसतो. नाव लपले तेव्हाच तिचे स्वतःला जपण्याचे साधन हिरावले गेले होते. असत्य आणि हिंसा ही आपण दोन वेगळी पापे मोजतो, पण इथे एकाच कोनाच्या टोकातून दोन्ही बाहेर पडतात.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या बाजूने येईल. नाव सांगितले, वेष्टनावर इशारा छापला, आता तरी विकणारा मोकळा झाला ना? या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेत घडला आहे. १९३३ च्या सुमारास तिथे लॅश ल्युअर नावाचा पापण्यांना लावायचा रंग विकला जात होता. त्यात याच कुळातले रसायन होते. त्याने बायकांच्या डोळ्यांना व्रण पडले, काहींची दृष्टी गेली, एकीचा मृत्यूही झाला. १९०६ चा तिथला कायदा सौंदर्यप्रसाधनांना लागूच नव्हता, त्यामुळे सरकारला तो माल बाजारातून उचलता येईना. अधिकाऱ्यांनी मग अशा वस्तूंचे एक प्रदर्शन भरवले, त्यात त्या रंगाने डोळे गमावलेल्या एका स्त्रीची आधीची आणि नंतरची छायाचित्रे लावली. अखेर १९३८ मध्ये नवा कायदा आला आणि पापण्यांचे असले रंग हद्दपार झाले. पण त्याच कायद्याने डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना सूट दिली, अट इतकीच की वेष्टनावर इशारा हवा: काहींच्या कातडीला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपण येऊ शकते. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही जवळपास हाच इशारा आहे, आणि तो इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही असावा असे नियम सांगतो. इशारा हवाच, तो निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण एका वाक्याने एवढी मोठी जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जावी अशी अपेक्षा असते, ती जाते का हे तपासू. तळहाताएवढ्या पुडीवर नखाएवढ्या जागेत छापलेले ते वाक्य वाचायला चाळशी लागते, आणि कलप घेणारा बहुतेक चाळशीच्याच वयाचा असतो. सलूनमध्ये तर पुडी न्हाव्याच्या हातात फुटते आणि डोके गिऱ्हाइकाचे असते, म्हणजे वाचणारा एक आणि भोगणारा दुसरा. सांगणे पुरे होते ते ऐकणाऱ्याला पोचल्यावर. वैद्याने रुग्णाला न कळणाऱ्या भाषेत पथ्य पुटपुटले तर त्याने पथ्य सांगितले असे आपण म्हणत नाही.

केस सरळ करण्याच्या उपचारांत नावाचा हाच खेळ नव्या रूपात दिसतो. या उपचारांतल्या फॉर्मल्डिहाइडविषयी लोक सावध झाले, तेव्हा ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ असे लिहिलेली क्रीम आली. त्यांपैकी काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. ते टाळूतून शरीरात शोषले जाऊन त्याचे ऑक्झलेट बनते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकू शकतात, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये एका तरुणीच्या आजारावरून आणि उंदरांवरच्या प्रयोगावरून दाखवले. काय नाही ते मोठ्या अक्षरात लिहिलेले होते. काय आहे ते गिऱ्हाइकाने स्वतः हुडकायचे होते.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे. रसायनेच नकोत, पूर्वजांच्या निसर्गाकडे चला, तिथे विषाचा प्रश्नच नाही. हा विचार पुष्कळ भल्या माणसांना पटतो, पण तो चरकालाच पटला नसता. ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते, त्यांच्यात, विशेषतः तान्ह्या मुलांत, निव्वळ शुद्ध मेंदी अंगाला लावल्यानेही तांबड्या पेशी फुटून जीव धोक्यात आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. आपल्याकडे पारशी आणि सिंधी समाजांत आणि काही आदिवासी जमातींत ही उणीव इतरांपेक्षा अधिक आढळते. कोंड्यावर आणि उवांवर घरोघर खोबरेल तेलात कापूर घालतात. तोच कापूर बाळाच्या तोंडात गेला तर थोड्या वेळात झटके येतात, आणि देवघरातली कापराची डबी बाळाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवरच असते. निसर्ग कुणाचा मित्र नाही आणि वैरीही नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्दही नाव, रूप आणि गुण यांची माहिती टाळण्याची सोय होऊ शकतो, इतकेच मला दाखवायचे आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र पुढचा आहे. कलपाची विषबाधा रुग्णालयात येते तेव्हा पुष्कळदा ती अपघाताची नसते. रुग्ण पुष्कळदा तरुण असतात, त्यांत स्त्रिया अधिक, आणि घरात भांडण झाल्यावर हाताशी होते ते त्यांनी घेतलेले असते. तिथे म्हटले जाते की ज्याला मरायचेच आहे तो दुसरी वाट शोधील, त्याचे कर्म त्याच्यापाशी, विकणाऱ्याने काय करावे? हे बोलणे शहाणपणाचे वाटते, पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. इंग्लंडमध्ये १९६३ ते १९७५ या काळात घरगुती गॅसमधला विषारी वायू काढून टाकला गेला आणि एकूण आत्महत्या जवळपास एक तृतीयांशाने घटल्या. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. माणसे बदलली नव्हती, त्यांची दुःखे संपली नव्हती, फक्त त्या क्षणी हाताशी येणारी वस्तू कमी घातक झाली होती. मरणाची ती ओढ अनेकांच्या बाबतीत काही तासांची असते, कधी काही मिनिटांची, आणि वाचलेल्यांतले बहुसंख्य पुढे आपल्या वाट्याचे आयुष्य जगतात. कलप घेऊन अतिदक्षता विभागात पोचलेल्या मुलीला बहुधा माहीतही नसते की केसांना लावायची ही वस्तू इतकी घातक आहे. राग दाखवायचा होता, कुणी ऐकावे असे वाटत होते. आणि अज्ञानाने तिच्या रागाचे मरण केले. कर्म ज्याचे त्याचे, हे तत्त्व ज्या जैन परंपरेने सर्वांत काटेकोरपणे मांडले, तिनेच कर्माचे तीन प्रकार सांगितले: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केले त्याला संमती दिलेले. त्या मुलीच्या कर्मात इतरांचा वाटा नाही असे त्या हिशेबात बसत नाही.

पण मग सुरी विकणारा, मीठ विकणारा, विहीर खणणारा, सगळेच दोषी ठरतील. इथे जैन आचार्य उमास्वातीचे तत्त्वार्थसूत्र कामी येते. हिंसेची व्याख्या करताना त्याने जिवाच्या घातासोबत प्रमाद, म्हणजे बेफिकिरी, जोडला आहे. जपून पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली किडा मेला तरी त्याला हिंसेचा बंध लागत नाही आणि बेफिकीर चालणाऱ्याला किडा मेला नाही तरी लागतो, असे जैन आचार्यांनी मांडले. इथे नुसता हेतू मोजला जात नाही आणि नुसता परिणामही नाही. जपता आले असते का, आणि जपले का, एवढे पाहिले जाते. सुरीची धार आंधळ्यालाही बोटाने कळते, तिचे नाव, रूप आणि गुण एकच गोष्ट सांगतात. कलपाच्या पुडीचे तसे नाही. किराणा दुकानाच्या दारात दोरीला बडीशेप, शांपू, सुपारी आणि कलप यांच्या पुड्यांच्या माळा शेजारी शेजारी लोंबत असतात, चकचकीत, सारख्याच आकाराच्या, दोन-पाच-दहा रुपयांच्या. त्या रूपात धोक्याची एकही खूण नाही. जपणे तिथे शक्य आहे. लहान मुलाला न उघडणारे झाकण बनवता येते, तोंडात जाताच थुंकावेसे वाटेल असा कडूपणा घालता येतो, मात्रा घटवता येते, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी दोरी लावता येते, पोटात गेले तर सूज येण्याची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठा हे मराठीत ठळक छापता येते, आणि त्याखाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक देता येतो. यातले काहीही अशक्य नाही, महागही फारसे नाही. जिथे जपता येत होते आणि जपले नाही, तिथे उमास्वातीचा शब्द लागू पडतो, वैर असो वा नसो.

हा प्रमाद एकट्या कारखानदाराचाही नाही. पुडीवरचे मराठी वाक्य गाळले जाते तेव्हा ते पाहायचे काम असलेला अधिकारी असतो, काळा कोन हातात घेताना त्यात काय आहे हे न विचारणारी मेंदी काढणारी असते, आणि काळा रंग हवाच म्हणून हट्ट धरणारे आपण असतो. सुश्रुताने राजाच्या स्वयंपाकघरावर वैद्य नेमायला सांगितला होता, फणीपासून पादत्राणापर्यंत सगळे त्याच्या नजरेखालून जाई. ज्यांच्या दारी असा वैद्य नाही त्यांच्यासाठी त्या पुडीवर छापलेले नाव हाच वैद्य आहे. लग्नसराईत प्लॅस्टिकच्या कोनांचे गठ्ठे बाजारात येतात, टोकाला टाचणी खोचलेली, आत काळसर लगदा. पुष्कळ कोनांवर बनवणाऱ्याचे नाव नसते, आत काय आहे ते नसते, तारीखही नसते.